पंडिता रमाबाईंबद्दल आमच्याकडं विचारले जाणारे प्रश्न

मी जालन्याची. मंडळीच्या (म्हणजे आमच्या चर्चच्या) महिला मंडळात आणि रविवारच्या शाळेत गेली बरीच वर्षं शिकवते. दर वर्षी ५ एप्रिलला, पंडिता रमाबाईंच्या पुण्यतिथीला, आम्ही त्यांची गोष्ट सांगतो. गोष्ट संपली की प्रश्न सुरू होतात. मंडळीतल्या मुली विचारतात, गल्लीतल्या हिंदू, बौद्ध, मुसलमान शेजारणी विचारतात, कॉलेजातली मुलं तर फार टोकदार विचारतात. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली आहेत.

या कोणत्या रमाबाई? रमाई का?

नाही. सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि मराठवाड्यात तो येणारच. आपल्याकडं रमाई म्हटलं की बाबासाहेबांच्या पत्नी रमाबाई आंबेडकर डोळ्यांपुढं येतात. दुसऱ्या रमाबाई रानडे, न्यायमूर्ती महादेव गोविंद रानड्यांच्या पत्नी, सेवासदनाच्या. पंडिता रमाबाई तिसऱ्या, आणि तिघींत वयानं थोरल्या. जन्म २३ एप्रिल १८५८, मृत्यू ५ एप्रिल १९२२. रमाबाई रानडे त्यांच्याहून चार वर्षांनी लहान. या दोघींची पुण्यात चांगली ओळख होती.

त्यांना पंडिता कोणी केलं?

कलकत्त्याच्या विद्वानांनी. १८७८ साली वीस वर्षांची ही मुलगी भावाबरोबर तिथं पोचली. तिची संस्कृतवरची पकड बघून पंडितांनी तिची परीक्षा घेतली आणि तिला ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ अशा दोन पदव्या दिल्या. त्या काळात बाईनं संस्कृतची सभा गाजवणं म्हणजे आक्रीतच.

शिकवलं होतं आईनं. वडील अनंतशास्त्री डोंगरे चित्पावन ब्राह्मण, मोठे शास्त्री. पुण्यात पेशव्यांच्या घरची बाई संस्कृत शिकते हे त्यांनी तरुणपणी पाहिलं होतं, आणि आपल्या बायकोलाही शिकवायचं असं तेव्हापासून मनात धरलं होतं. भाऊबंदांनी बायकांना देवभाषा शिकवायला विरोध केला तेव्हा ते पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानात जाऊन राहिले. रमाबाई जन्मल्या त्या रानात. आई लक्ष्मीबाई पहाटे लेकीला जागं करून मांडीवर घेऊन श्लोक म्हणून घ्यायच्या. भागवताचे १८,००० श्लोक या मुलीला पाठ होते.

लक्ष्मीबाईंच्या लग्नाची हकीकत रमाबाईंनीच लिहून ठेवली आहे. आई नऊ वर्षांची होती. तिचे वडील बायको-मुलींना घेऊन तीर्थयात्रेला निघाले होते. गोदावरीच्या काठी मुक्काम पडला. सकाळी नदीवर आंघोळीला आलेला एक भला दिसणारा माणूस त्यांनी पाहिला, जात-गोत्र विचारलं, विधुर आहे हे कळलं, आणि मुलगी देऊन टाकली. तासाभरात सगळं ठरलं. दुसऱ्या दिवशी लग्न, आणि त्यानंतर मुलीला मागं ठेवून आईबाप आपल्या यात्रेला पुढं गेले. नवरा तिला ९०० मैल लांब घेऊन गेला. माणूस चांगला निघाला, हे तिचं नशीब. ही गोष्ट मी वर्गात सांगते तेव्हा मुली एकमेकींकडं बघतात. गोदावरी आपल्याच पैठणवरून, नांदेडवरून वाहते, आणि नवव्या वर्षी नसलं तरी पंधराव्या-सोळाव्या वर्षी लग्न झालेली मैत्रीण त्यांच्यातल्या बऱ्याच जणींना असते.

त्यांच्या घरच्यांचं काय झालं?

दुष्काळानं नेलं. रमाबाई समजून घ्यायच्या असतील तर सुरुवात इथून करावी लागते. बाप्तिस्म्यापासून सुरुवात केली की त्यांची गोष्ट अर्धीच कळते.

हे कुटुंब देवळादेवळांतून पुराण सांगत फिरायचं. लोक जे देतील त्यावर पोट. १८७० नंतरच्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला तेव्हा पुराण ऐकायला माणूस उरला नाही. होतं नव्हतं ते विकून झालं. मजुरी करायची तर शास्त्र्याच्या घरात कोणाला सवय नव्हती, भीक मागायची तर लाज. तिरुपतीजवळच्या रानात त्यांनी पाणी आणि झाडपाला खाऊन दिवस काढले. वडिलांनी जलसमाधी घ्यायची ठरवली, तेव्हा भाऊ श्रीनिवास म्हणाला की मी पडेल ते काम करतो, पण हे नको. वडील थोड्याच दिवसांत गेले. मग आई आजारी पडली. तिला भाकरीचा तुकडा हवा होता. रमा शेजारच्या ब्राह्मणाच्या दारात मागायला गेली, पण तोंडातून शब्दच फुटेना. जन्मात कधी मागितलं नव्हतं. भाकरी मिळाली, पण आईला ती खाता आली नाही. त्यानंतर बहीणही गेली.

उरलेले दोघं भाऊ-बहीण हजारो मैल पायी हिंडले. उत्तरेत झेलमच्या काठी थंडीत पांघरूण नव्हतं, तर वाळूत खड्डे करून, अंगावर वाळू ओढून झोपले.

माझी आजी बहात्तरच्या दुष्काळात रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. सुकडी आणि लाल मिलो खाऊन लेकरं जगवली, असं सांगायची. तिला मी रमाबाईंचं हे प्रकरण वाचून दाखवलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, “भाकर मागायला गेलं की जीभ टाळूला चिकटतेच, माय.”

त्यांचं लग्न कोणाशी झालं?

बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी, १८८० साली. जात वेगळी, भाषा वेगळी, लग्न नोंदणी पद्धतीचं. १८८१ च्या एप्रिलमध्ये मनोरमा झाली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीनं बिपिनबिहारी गेले. भाऊ लग्नाच्या आधीच गेला होता. तेविसाव्या वर्षी कडेवर लेक आणि मागंपुढं कोणी नाही, अशी ही बाई पुण्याला आली.

पुण्यात त्यांनी काय केलं?

आल्या आल्या आर्य महिला समाज काढला. ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिलं. त्याच वर्षी, १८८२ मध्ये, सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढं मराठीतून साक्ष दिली: मुलींना शिकवायला बायका तयार करा, आणि बायकांना डॉक्टर करा, कारण पुरुष डॉक्टरला दाखवायच्या लाजेनं बायका मरतात.

मिशनऱ्यांनी पैसे देऊन त्यांना ख्रिस्ती केलं का?

कॉलेजातल्या मुलांचा हा आवडता प्रश्न. मी त्यांना तारखा आणि हिशेब सांगते.

१८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या त्या डॉक्टर व्हायला. प्रवासखर्च ‘स्त्रीधर्मनीति’च्या विक्रीतून उभा केला. तिथं वाँटेज गावच्या जोगिणींच्या (ख्रिस्ती संन्यासिनींच्या) मठात राहण्याची सोय झाली, आणि त्या बदल्यात हिंदुस्थानात यायच्या असलेल्या जोगिणींना मराठी शिकवायचं ठरलं. म्हणजे खाल्ल्या घासाचं काम त्या करत होत्या. कानानं कमी ऐकू येत गेलं, त्यामुळं डॉक्टरी राहून गेली.

शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या चरित्राचं पुस्तक, त्यांच्या हातात आलं ते त्याच्याही आधी, आसामच्या बाजूला नवऱ्याच्या घरी. लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत त्यांना पुस्तकांत सापडली होती. पुण्यात नवा करार मराठीतून वाचला. नीळकंठशास्त्री गोरे हे काशीचे पंडित ख्रिस्ती झाले होते, त्यांच्याशी वाद घातला. मन हललं ते लंडनमध्ये. जोगिणींनी त्यांना फुलहॅमचं एक घर दाखवलं. ज्यांना समाज ‘पतित’ म्हणून टाकतो अशा बायकांना तिथं मायेनं वागवत होते. आपल्या शास्त्रांत अशा बाईला शिक्षा आहे, दया नाही, हे त्यांना पाठ होतं. ‘तुम्ही हे का करता?’ असं त्यांनी विचारलं, तेव्हा एका जोगिणीनं योहानाच्या चौथ्या अध्यायातली विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली: लोक जिला नावं ठेवायचे अशा त्या बाईशी येशू आपणहून मायेनं बोलला होता. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी आणि छोट्या मनोरमेनं बाप्तिस्मा घेतला.

जोतीराव फुल्यांनी १८८५ साली ‘सत्सार’ काढून रमाबाईंची बाजू घेतली होती, हेही मुलांना सांगते. फुले स्वतः ख्रिस्ती नव्हते. एका शिकलेल्या बाईला आपल्या बुद्धीनं धर्म निवडायचा हक्क आहे, एवढं त्यांना पुरलं.

मग इंग्रज पाद्र्यांनी सांगितलेलं सगळं त्यांनी ऐकलं का?

अजिबात नाही. मला स्वतःला रमाबाईंचा सगळ्यात जास्त आदर वाटतो तो इथं.

बाप्तिस्मा झाल्यावरही त्या शाकाहारीच राहिल्या. अंडं घातलेला गोड पदार्थसुद्धा नको म्हणाल्या. त्र्यैक्याच्या (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव या) शिकवणुकीवर त्यांनी वाँटेजच्या सिस्टर जेरल्डिनशी पत्रांतून कडाक्याचा वाद घातला. क्रूसावर लॅटिन अक्षरं कशासाठी, ती ना मला कळते ना आमच्या बायकांना, अक्षरं हवीच असतील तर संस्कृतात असू देत, असं सुनावलं. मोठ्या कष्टानं मी भटांच्या जोखडातून मान सोडवली आहे, ती आता दुसऱ्या तसल्याच जोखडाखाली देणार नाही, या अर्थाचं त्यांनी १८८५ मध्ये लिहिलं.

चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात त्या संस्कृत शिकवायच्या. पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावं असा विचार निघाला, तर मुंबईचे आणि लाहोरचे बिशप आडवे आले: बाईनं पुरुषांना शिकवलं तर हिंदुस्थानात काय म्हणतील? रमाबाईंनी उत्तर दिलं की माझ्या आईनं आणि मी तरुण पुरुषांना शिकवलं तेव्हा ना माझ्या वडिलांनी हरकत घेतली ना नवऱ्यानं, मग तुम्ही का घेता? गंगामूळच्या रानातल्या आईनं दिलेलं बळ तिथं कामी आलं.

शारदा सदनात मुलींना बाटवलं, हे खरं का?

१८८६ साली त्या आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभाला अमेरिकेत फिलाडेल्फियाला गेल्या, आणि तिथंच राहून उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या हालांवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. ते खूप खपलं. बोस्टनच्या लोकांनी रमाबाई असोसिएशन काढून दहा वर्षं मदत करायचं कबूल केलं. त्या पैशावर ११ मार्च १८८९ ला मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. बोली अशी की धर्म शिकवायचा नाही आणि मुलींचे सोवळेओवळे पाळू द्यायचे. सल्लागारांत रानडे आणि भांडारकर होते.

रमाबाईंनी बोली मोडली नाही, पण स्वतःची प्रार्थनाही लपवली नाही. पहाटे खोलीचं दार उघडं ठेवून प्रार्थना करायच्या. ज्या मुलीला वाटेल ती येऊन बसायची. काहींना त्यांचा प्रभू आपलासा वाटला. १८९३ मध्ये बोभाटा झाला, केसरीनं झोड उठवली, सल्लागारांनी राजीनामे दिले, आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

मी यावर असं सांगते: त्या मुली म्हणजे केस काढलेल्या, एक वेळ जेवणाऱ्या, पांढऱ्या पायाच्या म्हणून हिणवलेल्या लेकी होत्या. त्यांना कोणी तोपर्यंत ‘तुला काय वाटतं?’ असं विचारलंच नव्हतं. उघड्या दारातून आत यायचं की नाही हा त्यांच्या आयुष्यातला पहिला स्वतःचा निर्णय असेल. आणि सगळ्या काही ख्रिस्ती झाल्या नाहीत. सदनात सुरुवातीलाच आलेल्या गोदूबाईंनी १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला. त्या हिंदूच राहिल्या, आणि कर्व्यांच्या स्त्रीशिक्षणाच्या कामात आनंदीबाई म्हणून आयुष्यभर उभ्या राहिल्या. तरी पुढचंही सांगायला हवं. दहा वर्षांची मुदत १८९८ मध्ये संपल्यावर रमाबाईंनी काम उघड ख्रिस्ती नावानं चालवलं. त्यात आडपडदा नव्हता.

मुक्ती मिशन म्हणजे नेमकं काय?

केडगावला, पुणे जिल्ह्यात दौंड तालुक्यात, त्यांनी आधी जमीन घेतली होती ती फळबागेसाठी, सदनाचा खर्च निघावा म्हणून. १८९६-९७ चा दुष्काळ मध्य प्रांतात पडला आणि सगळंच पालटलं. रमाबाई तिकडं निघाल्या. दुष्काळी कामांवर, वाटेवर, देवळांच्या पायऱ्यांवर हाडांचे सापळे झालेल्या पोरी होत्या, आणि त्यांना फसवून न्यायला टपलेले दलालही होते. रमाबाईंनी शेकडो जणींना रेल्वेनं आणलं. तेवढ्यात पुण्यात प्लेग, मुलींना शहरात ठेवता येईना. मग केडगावच्या माळावर झापाच्या झोपड्या उभ्या केल्या. १९०० मध्ये गुजरातचा दुष्काळ पडला, तिथूनही मुली आणल्या. मुक्तीत राहणाऱ्यांची संख्या २,००० च्या घरात गेली.

दोन हजार माणसांचं रोजचं जेवण! महिला मंडळाचं शंभर जणींचं प्रीतिभोजन करताना आमची काय धांदल उडते ते मला ठाऊक आहे. त्यांनी विहिरी खणल्या, शेती केली, दुभती जनावरं ठेवली. मुली हातमाग चालवायच्या, तेलाचे घाणे, शिवणकाम, छापखाना सांभाळायच्या. आधी अंगावर मांस चढू द्यायचं, मग अक्षरं, मग एखादं काम हाताला बसवायचं. फसवल्या गेलेल्या बायकांसाठी कृपा सदन होतं. अंध मुलींना मनोरमा ब्रेल शिकवायची. इथं जातीचा वेगळा स्वयंपाक नव्हता. शारदा सदन ते मुक्ती हा त्यांचा सगळ्यात मोठा पल्ला मला वाटतो. उच्चवर्णीय विधवांपासून सुरुवात करणारी बाई दुष्काळात कुठल्याही जातीची पोर उचलून आणायला लागली.

त्या पाळक होत्या का?

दीक्षा मिळालेल्या पाळक नव्हत्या. त्या काळी बाईला सहसा कोणी दीक्षा देत नव्हतं. पण रोज उपदेश करणं, प्रार्थना चालवणं, शास्त्र शिकवणं, बायबल स्त्रिया (घरोघरी बायबल वाचून सांगणाऱ्या बायका) तयार करून गावोगाव पाठवणं हे सगळं त्याच करायच्या. नाव सोडलं तर पाळकाचं काय उरलं?

१९०५ साली मुक्तीत काय घडलं?

संजीवन, म्हणजे विझत चाललेली श्रद्धा एकदम नव्यानं पेटणं. वेल्समधल्या संजीवनाची वार्ता ऐकून मुली रोज जमून प्रार्थना करू लागल्या, आणि १९०५ च्या जूनमध्ये पश्चात्ताप, रडणं, मोठ्यानं प्रार्थना यांची लाट आली. मिनी एब्रम्स या रमाबाईंच्या सहकारी बाईंनी त्यावर लिहिलेली पुस्तिका दक्षिण अमेरिकेत चिलीपर्यंत पोचली आणि तिथल्या पेंटेकॉस्टल (पवित्र आत्म्याच्या अनुभवावर भर देणाऱ्या) चळवळीला तिनं चालना दिली. आपल्याकडच्या पेंटेकॉस्टल मंडळ्यांतल्या तरुणांना हे सगळं बाहेरून आलं असं वाटतं. केडगावच्या माळावरच्या मराठी पोरींच्या प्रार्थनेतही त्याचं एक मूळ आहे.

बायबलचं भाषांतर त्यांनी एकट्यानं केलं?

हो, आणि थेट मूळ भाषांतून. त्यासाठी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. तेव्हाचं मराठी बायबल त्यांना संस्कृतानं जड झालेलं वाटे. मुक्तीतल्या कुणबी, मजूर घरच्या पोरीला ते ऐकून कळत नव्हतं. जिला १८,००० श्लोक पाठ होते तीच बाई म्हणते की सोपं लिहा! मला यात त्यांची सगळी विद्वत्ता दिसते. खिळे जुळवण्यापासून छपाई मुक्तीच्या बायकांनीच केली, हिब्रू आणि ग्रीकच्या खिळ्यांसकट. ज्या मुली दुष्काळात मरायला टेकल्या होत्या त्यांनी. शेवटची मुद्रितं तपासून झाली आणि थोड्याच काळात रमाबाई गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर पडलं. चर्च ऑफ इंग्लंडच्या दिनदर्शिकेत ३० एप्रिलला त्यांची आठवण होते ती शास्त्राच्या भाषांतरकार म्हणूनच.

मराठवाड्याशी त्यांचा काही संबंध?

गोदाकाठच्या लग्नाची गोष्ट वर आलीच. दुसरा धागा मनोरमेचा. तिनं गुलबर्ग्याला मुलींची शाळा सुरू केली. गुलबर्गा तेव्हा निजामाच्या राज्यात, म्हणजे आपले जिल्हे ज्या राज्यात होते त्यातच. निजामाच्या मुलखात मुलींच्या शाळा तेव्हा कमीच होत्या. २४ जुलै १९२१ ला मनोरमा वारली. आई साडेआठच महिन्यांनी गेली.

जालन्याच्या लोकांना मी आणखी एक सांगते. आपल्याजवळचं बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवणारे नारायण शेषाद्री हेही ब्राह्मण घरातून ख्रिस्ती झालेले, १८४३ साली. रमाबाईंच्या बरोबर ४० वर्षं आधी. ही वाट या मातीला नवी नव्हती.

आजच्या बाईला त्यांचा काय उपयोग?

आमच्या मंडळात एक जण येते. मंडळीची नाही. कर्जापायी नवऱ्यानं शेतात जीव दिला, दोन लेकरं आहेत, सासरी जमिनीवरून तंटा. तिनं हा प्रश्न मला विचारला होता, आणि मी देवाधर्माचं काही बोलणार तोच म्हणाली, “त्या बाईनं केडगावला शिवणकाम शिकवलं म्हणता, तर तुमच्याकडची मशीन मला दुपारी वापरू देता का?” मंडळीच्या खोलीतली मशीन तेव्हापासून दुपारी तिच्याकडं असते. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतल्या तिघी मुली, आईबाप कारखान्यावर असताना, संध्याकाळी तिच्याजवळ बसतात. त्यांची लग्नं एवढ्यात उरकू नयेत म्हणून आम्ही त्यांच्या आयांशी बोलत असतो. दोघींच्या बाबतीत ऐकलं आहे.

केडगावला जायचं तर कसं?

पहिली सूचना: अहिल्यानगरला लागून एक केडगाव आहे, ते हे नव्हे. आमच्या एका सहलीची गाडी तिकडं वळून परत आली आहे. आपलं केडगाव पुणे–दौंड रेल्वेमार्गावर आहे, स्टेशनही त्याच नावाचं. लातूर, धाराशिवकडच्यांनी कुर्डुवाडीवरून दौंड गाठावं, जालना–संभाजीनगरकडच्यांनी मनमाडवरून दौंड किंवा सडकेनं अहिल्यानगरमार्गे दौंड. आत बायका-मुली राहतात, ते त्यांचं घर आहे. म्हणून आधी विचारून जा, न विचारता मुलींचे फोटो काढू नका, आणि बरोबर न्यायचंच असेल तर मिठाईच्या डब्यांऐवजी ज्वारी-डाळ न्या.